मुकादमाची राख कोणाकडे ठेवायची

तिला सगळे ताई म्हणायचे. भाऊ म्हणायचे ते ठीक, पण भावजया म्हणायच्या, दूधवाला म्हणायचा, ज्या दुकानात ती कामाला होती तिथला मालक म्हणायचा, आणि आई होती तोवर आईसुद्धा ताईच म्हणायची. आता सख्ख्या आईने ताई म्हटल्यावर माणसाने तक्रार तरी कुणाकडे न्यायची? ती लहान असताना पाठीवर पहिला भाऊ झाला, त्या दिवशी हे नाव चिकटलं, ते पन्नाशी उलटली तरी सुटलं नाही.

घर तीन मजल्यांचं. तळमजल्यावर थोरला भाऊ, बायकोमुलांसह. वरच्या मजल्यावर धाकटा, त्याच्या बायकोमुलांसह. मधल्या मजल्यावर ताई आणि कुत्रा. वडिलांनी ही वाटणी केली तेव्हा त्यांना वाटलं असणार, ताई मधे असली की दोघं धरून राहतील. वडील गेले आणि वर्षाच्या आत दोघा भावांचं गच्चीवरून बिनसलं. थोरला गच्चीत जुनी टायरं रचून ठेवायचा म्हणून धाकट्याने कुलूप लावलं. थोरल्याने ते तोडलं. धाकट्याने दुसरं आणलं, त्यावर थोरल्याने आपलं एक घातलं. शेवटी दोन कुलपं दारावर आणि दोन्ही किल्ल्या ताईकडे, असा निकाल लागला. भांडण दोघांचं आणि किल्ल्या तिसरीच्या कनवटीला. त्यानंतर दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, ते सहा-सात वर्षं टाकलेलंच होतं.

पण एका जिन्याने चढायचं-उतरायचं, एका टाकीचं पाणी प्यायचं, म्हणजे बोलण्यावाचून चालतं होय? दोघांनी त्यावर तोड काढली. ते कुत्र्याशी बोलायला लागले.

कुत्र्याला मुकादम म्हणायचे. ते नाव वडिलांचं. पिल्लू होता तेव्हापासून कुणी काही काम काढलं की हा मधोमध येऊन बसायचा आणि बघत राहायचा. खिळा वाकडा गेला तर एकदा भुंकायचा, बस. स्वतः काडी इकडची तिकडे करायचा नाही. म्हणून मुकादम. मोठा झाल्यावर त्याने मधल्या मजल्याजवळचं जिन्याचं वळण धरलं, तिथे त्याची गोणपाटाची गादी असायची. थोरला खालून चार पायऱ्या चढून यायचा, त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि वरपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा, "मुकादमा, सांग वरच्यांना, टाकी भरून वाहतेय. पाणी काय फुकट येतं?" वरून धाकटा उतरायचा, त्याच डोक्यावर हात ठेवायचा. "मुकादमा, सांग खालच्यांना, मोटरचं बटण खाली आहे. हात लांब करून बंद होतं." मुकादम एकदा याच्याकडे बघायचा, एकदा त्याच्याकडे, आणि शेपूट दोघांसाठी सारखीच हलवायचा.

विजेची बिलं, गळकी भिंत, थोरल्याच्या पोराचा निकाल, धाकट्याच्या बायकोचं ऑपरेशन, सगळं त्या कुत्र्याच्या डोक्यावरून गेलं. त्या घरातलं इतकं ठाऊक असलेला दुसरा जीव नव्हता, आणि त्याने कधी चहाडी केली नाही. ऑपरेशनच्या दिवशी तर थोरला मुकादमापाशी अर्धा तास बसून होता. "सांग वरच्यांना, रक्त लागलं तर माझा गट तोच आहे." हे बोलताना त्याचा आवाज कापत होता, पण मान वर करून समोरच्या भावाकडे बघितलं असेल तर शपथ.

कुत्र्याला जे जमायचं नाही ते ताईकडे यायचं. पावत्या भरणं, नळवाल्याला बोलावणं, दोन्हीकडची पोरं सांभाळणं, दोन्ही भावजयांचं ऐकून घेणं. कुणी विचारायचं नाही. "ताई आहेच की," एवढं म्हणायचे आणि आपापल्या दाराआड जायचे. त्या वाक्यात वाईट काही नव्हतं, हेच तर वाईट होतं. कुणी मारलं, हाकललं, उपाशी ठेवलं तर माणूस उठून जाऊ तरी शकतं. माया करून कोंडलं तर दार कुठलं ठोठावायचं?

दिवसा ती चष्म्याच्या दुकानात असायची, पण दुकान म्हणजे काचेची कपाटं आणि आरसे तिच्या वाट्याला नव्हते. ती मागच्या खोलीत बसायची. खोलीला खिडकी नाही, एक दिवा, एक घासायचं यंत्र आणि पाण्याचा एक डबा. फ्रेमच्या आकाराची काच घासून घ्यायची, कड बोटाने चाचपायची, फ्रेम गरम करून काच आत दाबायची. काच केसभर मोठी राहिली तर फ्रेम तडकते, केसभर लहान झाली तर पहिल्या शिंकेला बाहेर. ताईची काच कधी पडली नाही. समोरच्या दुनियेने स्वच्छ बघावं म्हणून ही बाई जन्मभर भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं म्हणावं, तर वाटायचं.

मग मालकाने दुसऱ्या गावात दुकान काढलं. तिला म्हणाला, "ताई, ते तुम्ही बघा. वर खोली आहे, रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी आहे. पगार वाढवतो." तिने त्या खिडकीचाच विचार केला. तिथे सकाळी उठायचं आणि खाली कोण चाललंय ते नुसतं बघायचं. पण म्हणाली, "कुत्रा म्हातारा झालाय हो. तो आहे तोवर नको." मुकादमाला घेऊन जावं असंही तिने एकदा घरी बोलून पाहिलं. दोघे भाऊ आपापल्या दारातून एकाच वेळी म्हणाले, "कुत्रा इथून हलणार नाही." कितीतरी वर्षांत त्यांचं एकमत झालं ते तेवढ्यावर. मालक थांबला, पुन्हा विचारलं, पुन्हा थांबला. शेवटी म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून कुणालातरी बसवावंच लागेल, ताई. तुम्ही नाही आलात तर मी दुसरं माणूस बघतो." आणि मुकादमाचे मागचे पाय त्याच महिन्यात गेले.

आता हे कसं सांगायचं? जिवापाड प्रेम होतं तिचं त्याच्यावर. त्याला उचलून खाली न्यायची, पुसायची, भाताचा घास हाताने भरवायची. आणि त्याच हाताने घास भरवताना तिच्या मनात यायचं, महिना संपायच्या आत जाशील का रे बाबा? मग स्वतःचीच इतकी लाज वाटायची, की आणखी एक घास भरवायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता फार दिवस नाहीत. पुढची तयारी करून ठेवा." तयारी कसली, ते ताईला ठाऊक नव्हतं. ती मागच्या खोलीत यंत्र बंद करून फोन करायला लागली. एक एक गोष्ट कळत गेली. नगरपालिकेची गाडी येते, पैसे घेत नाही, पण ती कचऱ्याचीच गाडी. पुरायचं म्हणावं तर घराला अंगण नाही, सगळी फरशी. दवाखान्यातला माणूस म्हणाला, आमच्यावर सोडा, सगळं करतो. खोदून विचारल्यावर कळलं, तेही दाहिनीतच पाठवतात, सगळ्या जनावरांबरोबर, आणि मधे आपला हात मारून घेतात. मग तिने थेट प्राण्यांच्या दाहिनीतच फोन लावला. दर वजनावर असतो. न्यायला गाडी हवी तर वेगळे पैसे. पंजाचा ठसा हवा तर वेगळे. लाकडी पेटी हवी तर आणखी वेगळे, साधा डबा दरातच येतो. आणि "वेगळं दहन" म्हटलं तर भट्टी वेगळी की नुसता कप्पा वेगळा, ते आधी विचारून घ्यायचं. हे शेवटचं फोनवरच्या बाईनेच सांगितलं. "लोक विचारत नाहीत, आणि मग राख हातात घेऊन आम्हाला विचारतात, यात दुसरं कुणी नाही ना," ती म्हणाली.

एका सकाळी मुकादम गादीवरून उठला नाही. ताईने हात लावला तेव्हा अंग अजून कोमट होतं. ती त्याच्याशेजारी पायरीवर बसली. आधी तिला काहीच वाटलं नाही, आणि मग छातीतून एकदम इतकं उसळून आलं की तिने पदराचा बोळा तोंडात धरला.

भाऊ आले. एक खालून, एक वरून. थोरला मुकादमाच्या डोक्यावर हात ठेवून ढसाढसा रडला. धाकटा दोन पायऱ्या वर उभा राहून भिंतीकडे तोंड करून रडला. एवढे दोन बाप्ये रडत होते, मधे हाताचं अंतर होतं, आणि एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. रडून झाल्यावर थोरल्याने सवयीने तोंड उघडलं, "मुकादमा, सांग वर..." आणि थांबला. त्याने डोळे पुसले, इकडेतिकडे बघितलं. वळणावर ताई उभी होती.

"ताई, त्याला सांग, चादरीची ती बाजू धर म्हणावं."

धाकटा तिथेच होता. त्याने ऐकलं, खाली वाकला, चादर धरली. "ताई, त्याला सांग, धरलीय. हळू उतर म्हणावं."

ताईने काही कुणाला सांगितलं नाही. तिने सांगायची गरजच नव्हती. तिने फक्त मधे असायचं होतं. ती गोणपाटाच्या गादीवर एक पाय ठेवून उभी होती, आणि ते ध्यानात येताच तिने तो झटकन मागे घेतला.

थोरल्याची गाडी जुनी. मुकादम तरणा होता तेव्हा पंजाने हँडल दाबून चालत्या गाडीचं मागचं दार उघडायला शिकला होता, म्हणून थोरल्याने मागची दोन्ही दारं आतून उघडणार नाहीत अशी करून घेतलेली. तेव्हापासून मागे मुकादम आणि ताई. गाडी थांबली की कुणीतरी उतरून बाहेरून दार उघडायचं, मग ही दोघं उतरायची. त्या दिवशीही मागे तीच दोघं होती. मुकादमाचं डोकं तिच्या मांडीवर, वर चादर. थोरला गाडी चालवायला, आणि मागे जागा नाही म्हणून धाकटा नाइलाजाने पुढे, त्याच्या शेजारी. इतक्या वर्षांनी दोघांचे खांदे एका रांगेत आले होते.

"ताई, त्याला सांग, पट्टा लाव."

"ताई, त्याला सांग, लावलाय."

"ताई, त्याला सांग, खिडकी जरा खाली कर."

"ताई, त्याला सांग, इकडची काच अडकते, गाडी दुरुस्त करून घे."

समोरच्या आरशात थोरल्याचे डोळे तिच्याकडे बघत होते, धाकटा मान तिरकी करून तिच्याकडे बघत होता. ताईला वाटलं, आपण आता भुंकावं. खरंच वाटलं. मग मांडीवरच्या गार डोक्याकडे बघून तिला स्वतःचा राग आला. तू बरा सुटलास, ती मनात म्हणाली.

प्राण्यांची दाहिनी गावाबाहेर होती. पुढे एक खोली, मागे धुराडं, त्याच्या मागे झाडं. काउंटरवर तीच फोनवरची बाई होती, आवाजावरून ताईने ओळखलं. तिच्या चष्म्याची डावी काच सैल होती, मान हलली की काच हलायची. तिथल्या माणसांनी मुकादमाला काट्यावर ठेवलं, वजन सांगितलं, आणि बाई सांगायला लागली.

"तीन प्रकार आहेत. सामुदायिक म्हणजे दिवसभरात येतील ते सगळे एकत्र. राख परत मिळत नाही, मागे बागेत मिसळतो. हे सगळ्यात स्वस्त. दुसरं कप्प्याचं. भट्टी एकच, मधे विटा लावतो. राख मिळते, पण थोडी इकडची तिकडे होणारच, तसं आम्ही आधीच सांगतो. तिसरं एकट्याचं. भट्टीत दुसरं कुणी नाही, तुम्हाला समोर थांबता येतं, राख सगळी त्याचीच. त्याला पहिल्याच्या चौपट पडतात."

"एकट्याचं," थोरला म्हणाला. "पैशांचं बघू नका."

"ताई, त्याला सांग, निम्मे पैसे माझे," धाकटा म्हणाला.

"ताई, त्याला सांग, कुणाचे निम्मे नकोत."

काउंटरवरच्या बाईने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. अगदी मुकादमासारखं. मग ताईला हळूच म्हणाली, "यांना एकमेकांचं ऐकू येत नाही का?"

"येतं," ताई म्हणाली.

"राख दोन डब्यांत विभागूनही देतो आम्ही. पुष्कळ घरांत लागते."

"ताई, त्याला सांग, मुकादमाचे दोन भाग मी करू देणार नाही."

"ताई, त्याला सांग, मलाही करायचे नाहीत."

झालं. मग एकच डबा, आणि तो कुठे ठेवायचा? खाली ठेवला तर धाकटा यायचा नाही, वर ठेवला तर थोरला. आणि दोघांना एकाच वेळी सुचलं. दोघांचे चेहरे उजळले, इतके की ताईला ते लहानपणी खेळताना दिसायचे तसे दिसले.

"जिन्यात. त्याच्या जागेवरच," थोरला काउंटरवरच्या बाईला म्हणाला. "एक फळी मारून घेऊ. ताई बघेल, पुसेल, दिवा लावेल. ताई आहेच की."

"ताई आहेच," धाकटाही त्या बाईलाच म्हणाला.

ताईला ती फळी दिसली. फळीवर डबा, आणि डब्यापुढे दोघं उभे. डबा इकडे बघत नाही, तिकडे बघत नाही. मग दोघं मान वळवून मधल्या मजल्याच्या दाराकडे बघणार. आज नाही तर उद्या मी जाते म्हटलं, तर म्हणणार, मुकादमाला टाकून जाशील? ते मनापासून म्हणणार, डोळ्यांत पाणी आणून म्हणणार. आणि तिच्याने जाववणार नाही. कारण खरं सांगायचं तर तो डबा त्या दोघांपेक्षा तिलाच हवा होता. रोज हात लावायला, रोज बोलायला. मूठभर राखेसाठी ती त्या जिन्यात म्हातारी झाली असती, आणि तिला ते चालूनही गेलं असतं. याचीच तिला सगळ्यात भीती वाटली.

"सही कोणाची?" बाईने विचारलं. "दवाखान्याच्या कार्डावर तुमचंच नाव आहे."

असणारच. लस टोचायला कोण न्यायचं, परवाना कोण काढायचं? जिचं काम तिचं नाव. दोघा भावांना हे आजवर कधी आठवायची वेळ आली नव्हती.

"सामुदायिक केलं," ताई म्हणाली, "तर राख मागता येत नाही ना?"

"नाही. मागाहून मन बदललं तरी नाही. वेगळी करताच येत नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

"मग सामुदायिक करा."

बाईने पेन खाली ठेवलं. "घाई नाही, ताई." बघा, तीसुद्धा ताईच म्हणाली. "थोडा वेळ बसा हवं तर. पुष्कळांना पहिल्यांदा सुचत नाही."

"मला कधीपासून सुचलंय," ताई म्हणाली, आणि सही केली. ती सही दुसऱ्याच कुणाचीतरी वाटत होती.

थोरल्याने त्या सहीकडे बघितलं, ताईकडे बघितलं. "अरे, हिला झालंय काय?" आणि हे तो धाकट्याला म्हणाला. थेट, तोंडाकडे बघून.

"मला काय विचारतोस," धाकटा म्हणाला. "माझंच डोकं चालेनासं झालंय."

"कुठल्या कुठल्या जनावरांबरोबर टाकायचं त्याला? आपल्या मुकादमाला?"

"पैशांचा प्रश्न होता का? तू देत होतास, मी देत होतो."

"तेच म्हणतो मी."

"बाबा असते तर काय म्हटलं असतं त्यांनी?"

"काळीज आहे का दगड आहे हिच्यापाशी?"

ताई ऐकत उभी होती. दोघं तिच्या दोन्ही बाजूंनी, तिच्या डोक्यावरून, एकमेकांशी बोलत होते. तिला कुणी काही सांगायला सांगत नव्हतं. मुकादमाला आत नेताना तिने त्याचे कान एकदा मागे सारले, त्याला आवडायचे तसे. तो कधी एकटा जेवला नव्हता, एकटा झोपला नव्हता, चार जण जिथे असतील तिथे मधे जाऊन बसायचा. सगळ्यांबरोबर जाणं त्याला वाईट वाटणार नाही, असं तिने स्वतःला समजावलं. समजूत अर्धीच पटली. लोखंडी दार लागलं, आणि तिच्याकडे एक रिकामी चादर उरली.

परत येताना तिने घरी सांगून टाकायचं ठरवलं होतं. दुकान, खोली, खिडकी, सगळं. पण तोंड घालायला फटच मिळेना. पुढच्या सीटवर सहा-सात वर्षांचं तुंबलेलं वाहत होतं. आधी ती किती निष्ठुर, हे झालं. मग मुकादमाने एकदा डॉक्टरांचा बूट पळवला ते झालं, त्यावर धाकटा हसला, थोरल्याला ठसका लागला. मग बाबा. मग टायरं. "ती टायरं कधीच भंगारात द्यायला हवी होती रे," थोरला म्हणाला. "राहू देत," धाकटा म्हणाला, "कुलूप लावायला नको होतं मी." ताईने दोनदा "अरे, ऐका ना" म्हटलं. कुणी आरशात बघितलं नाही.

घरापाशी गाडी थांबली. दोघं दोन बाजूंनी उतरले, दारं आपटली, आणि बोलत बोलत आत गेले. धाकटा जिन्याकडे न वळता थोरल्याच्याच दारात शिरला. बोलणं आत गेलं, दार लागलं.

ताई गाडीत राहिली.

तिने हँडल ओढून पाहिलं, उगीच. दुसऱ्या बाजूचंही पाहिलं. काचेवर टकटक केली. समोर शेजारची मांजर भिंतीवर बसली होती, तिने फक्त डोळे मिटले. आत ऊन तापत होतं, सीटला मुकादमाचे केस चिकटले होते, सगळ्या गाडीला त्याचा वास होता. ती चादर उराशी धरून बसली आणि पोटभर रडली. मुकादमासाठी रडली, न मागता येणाऱ्या राखेसाठी रडली. दगड म्हणाले म्हणूनही रडली, आणि तो दगड छातीवर ठेवूनच सही करावी लागली होती हे कुणाला कधी कळणार नाही म्हणून सगळ्यात जास्त रडली. रडून झाल्यावरही दार उघडायला कुणी आलं नाही.

मग तिने चपला काढल्या. साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली, पन्नाशीचा एक पाय दोन सीटांच्या मधून पुढे टाकला, आणि तिथे अडकली. गिअरचा दांडा पोटऱ्यांत, कंबर दोन पाठींच्या मधे, डोकं छताला. अशी ती जरा वेळ लटकून होती. कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं, या विचाराने तिला हसू आलं, आणि हसताना अंग सैल पडून ती धपकन ड्रायव्हरच्या सीटवर आली. त्या सीटवर ती कधी बसलेली नव्हती. पुढचं दार आतून सहज उघडलं.

बाहेर पडून तिने चपला घातल्या. गच्चीच्या दोन किल्ल्या जुडग्यातून सोडवून ड्रायव्हरच्या सीटवर ठेवल्या आणि दार लोटलं. चादरीची घडी घालून काखेत घेतली, तेवढी ती परत देणार नव्हती. मग फोन काढून दुकानाच्या मालकाचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत होती आणि तळमजल्याच्या खिडकीतून आवाज येत होता.

"अरे, ताई कुठे राहिली?"

"जाते कुठे? ताई आहेच की."

मालकाने फोन उचलला. "ती खोली अजून आहे ना?" ताईने विचारलं. "मी येते. या आठवड्यातच येते."

"या की. पण घरी सांगितलंत का?"

"एकाला सांगेन," ताई म्हणाली. "तो दुसऱ्याला सांगेल."